आईचे नऊ सूर

आमच्या आरोग्य केंद्राची फरशी पावले मोजते. मार्चमध्ये उपचार संपले, तेव्हा आई सहा मिनिटांत तीनशे ऐंशी मीटर चालली होती, तीही दोनदा थांबून. आज पाचशे तीस! मी टाळ्या वाजवल्या. पण तेवढ्यात नाडीच्या छातीवर तिच्या रक्ताचा अहवाल उमटला आणि आईचा चेहरा उतरला.

नाडी हा केंद्रातला रोबो. त्याला गंमत कळत नाही, पण कितीही प्रश्न विचारले तरी तो वैतागत नाही.

"सीआरपी नऊ पूर्णांक सहा दशांश," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात तीन होते."

"म्हणजे परत आला?" आईने विचारले. कोण, ते ती बोलली नाही. दीड वर्षापूर्वी तिला स्तनाचा कर्करोग झाला होता.

माझी आई, हेमांगी थोरात, मिरजेत आमच्या शाळेत खो-खो शिकवते. म्हणजे आजारापूर्वी शिकवायची. वीस तारखेला सराव शिबिर सुरू होणार होते आणि डॉक्टर कामतबाईंनी सही केली तरच तिला मैदानावर उतरता येणार होते. "आकडा चढला, तर का ते आधी कळू दे, मगच सही," असे त्यांनी बजावले होते.

मला रडू येत होते. पण रडून आकडा उतरत नाही, म्हणून मी नाडीलाच विचारले, "सीआरपी म्हणजे काय?"

"यकृतात तयार होणारे एक प्रथिन. शरीरात कुठेही दाह (इजा किंवा जंतूंशी झुंजताना येणारी सूज) झाला, की ते रक्तात वाढते. दाह कुठे आणि कशामुळे, हे मात्र ते सांगत नाही. कर्करोग परतला का, हेही नाही."

"शाळेतल्या धोक्याच्या घंटेसारखं! घंटा ऐकू येते, पण गडबड कुठल्या वर्गात आहे ते कळत नाही."

"बरोबर. नियमित व्यायामाने बऱ्याच जणींचा हा आकडा काही महिन्यांत उतरतो. तुमचाही उतरत होता. ताप, दाढदुखी, जखम?"

"काही नाही," आई पटकन म्हणाली आणि खुर्चीवर बसताना तिने गुडघा हळूच धरला.

मला कारण ठाऊक होते. कुणाला सांगायचे नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. पण आजार परतल्याच्या भीतीने ती रात्रभर जागली असती आणि शिबिरही बुडाले असते. मी शपथ मोडली.

"परवा संध्याकाळी आईने मैदानावर बारा फेऱ्या मारल्या. आणि खांबाकडे नऊ सूर मारले. तिचे गुडघे बघ!"

"ऋजुता!" आई ओरडली. मग पुटपुटली, "अगं, तपासणीत चांगलं दिसावं म्हणून केलं."

"सवय नसताना एकदम मेहनत केली, की स्नायूंना बारीक इजा होतात," नाडी म्हणाला. "त्यांची डागडुजी चालू असते तेव्हा दाह वाढतो आणि काही दिवसांत ओसरतो. रोजच्या बेताच्या व्यायामाने तो कमी होत जातो. अर्थात, हा माझा अंदाज आहे. दहा दिवसांनी तपासून बघू."

आईने कपाळावर हात मारला. "सामन्याच्या आदल्या दिवशी दमू नका, म्हणून मीच पोरींना ओरडते!"

पुढे ती रोज अर्धा तासच चालली आणि शेवटचे दोन दिवस नुसती बसून राहिली. आजारपणात तिने काय काय सोसले ते मी पाहिले आहे, पण निवांत बसताना तिचे जे हाल झाले ते बघून मला हसू आवरेना.

एकोणीस तारखेला आकडा आला एक पूर्णांक आठ दशांश. मी नाडीला मिठी मारली.

"आजार कधीच परतणार नाही, असे वचन हा आकडा देत नाही," नाडी म्हणाला. "त्याच्या तपासण्या वेगळ्या. त्या वेळच्या वेळी करा."

"करीन की. वचन कोण मागतंय? मला सही हवीय," आई म्हणाली. कामतबाईंनी हसत सही केली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर आईची शिट्टी वाजली आणि आम्ही चोवीस मुली धावत गेलो.

"ऋजुता थोरात, शपथ मोडलीस. तीन फेऱ्या जास्त!" मग ती म्हणाली, "नको, एकच. बेताने."

मी निघाले. ती एक फेरी आई माझ्याबरोबर धावली.