पुरुषांनी खोली झाडावी

"खाली ठेवा ती ट्रंक!"

नळदुर्गच्या मोटारतळावर सोलापूरची एसटी उभी होती. श्रावणातली भुरभुर चालू होती. चष्म्यावरचं पाणी सदऱ्याच्या टोकानं पुसत एक तरुण एका हातात ट्रंक धरून वळकटीशेजारी उभा होता. त्यानं वळून पाहिलं. समोर एक मुलगी... पदर कमरेला खोचलेला, कपाळावर विभूतीचा पट्टा, धावत आल्यानं गाल लाल, आणि हातात चक्क खराटा!

"मला म्हणालात?"

"तुमालाच. दुसरं कोण हाय हितं चष्मेवालं? तीन दिवस राह्यलात, आन् खोली तशीच टाकून निघालात? खाल्लेली कणसं कोपऱ्यात, भिंतीला चुन्याची बोटं, चुलीत राखेचा ढीग... कुणी काढायचं हे?"

"अहो, पण मी—"

"पण न् बिण काय न्हाई!"

"मी म्हणत होतो—"

"चला. झाडायचं, मग कुठं जायचं ते जा." एवढं बोलून तिनं त्याची वळकटी उचलली, काखेत मारली आणि ती चालायला लागली.

वळकटीत त्याचं एकुलतं एक घोंगडं होतं, आणि आईनं बांधून दिलेल्या शेंगांच्या पोळ्या. मागोमाग जाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

मुलीचं नाव शिवलीला. किल्ल्याच्या वाटेवर तिच्या वडिलांचं, माणिकप्पांचं घर होतं आणि घरामागं दोन खोल्या. पावसाळ्यात बोरी नदी भरली, किल्ल्यातले धबधबे कोसळायला लागले, की सोलापूर-उमरग्याहून माणसं दोन-तीन दिवसांच्या सुट्टीला यायची. माणिकप्पा त्यांना खोल्या द्यायचे. माणूस इतका भिडस्त, की 'जाताना जरा झाडून जा' एवढं म्हणायलाही त्यांची जीभ उचलत नसे. आई जाऊन चार वर्षं झाली होती. त्यामुळं पाहुण्यांची मौज झाली की त्यांचा उकिरडा शिवलीलेच्या वाट्याला येई. वर्ष बासष्ट. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. शिवलीला म्हणायची, राज्य बदललं, पण पाहुणे काही बदलले न्हाईत.

चष्मेवाल्यानं खराटा हातात घेतला. आधी खोलीचा मधला भाग झाडला, मग कोपरे, मग कोपऱ्यातला केर पुन्हा मधे आणला.

"अवं, दाराकडं! केर दाराकडं जातो! आईनं काय शिकवलंच न्हाई का?"

"शिकवलं की."

"काय?"

"समोरची बाई रागात असली की मान खाली घालून काम करावं."

शिवलीलेनं तोंड फिरवलं. हसू आलं होतं, ते त्याला दिसायला नको होतं.

त्यानं राख भरली, कणसं उचलली, भिंतीवरचा चुना ओल्या फडक्यानं पुसला. एवढ्यात माणिकप्पा आले आणि दारातच थबकले.

"लीला, हे कोण?"

"कोण म्हंजी? कालचं गिऱ्हाईक. पाठमोरं बघितलं व्हतं, चष्मा तोच."

"ती मानसं तर सकाळच्या गाडीनंच गेली की गं!"

तरुणानं खराटा भिंतीला टेकवला. कौलांवर पाऊस टपटपत होता.

"मी रेवण," तरुण म्हणाला. "मुरूमचा. इथल्या शाळेत बदलून आलोय. आत्ताच गाडीतून उतरलो होतो..."

"मग बोलला का न्हाईत?"

"दोनदा सुरुवात केली होती."

"आन् झाडत का बसलात?"

त्यानं सदऱ्यावरची राख झटकली. चष्म्याच्या एका काडीला कोळिष्टक लोंबत होतं. "इथं आलो, खोली पाहिली... आणि तुमचा राग खरा आहे असं वाटलं. मी नसेन, पण कुणीतरी झाडायला पाहिजेच होतं ना?"

तिचे कान तापले. इतकी वर्षं झाडत आली होती, पण असं कुणी म्हणालं नव्हतं. आपल्याला एवढ्याशा बोलण्यानं असं व्हावं, याचाच तिला जास्त राग आला.

माणिकप्पांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात जोडले, चहा पाजला, आणि दुसरीकडं सोय होईपर्यंत म्हणून दोन खोल्यांतली एक रेवणला देऊन टाकली.

सोय काही झाली नाही. म्हणजे, रेवणनं फारशी शोधलीही नाही.

आठवड्याभरात दोघांचं पहिलं मोठं भांडण झालं. निमित्त पाटीचं. शिवलीलेनं पाहुण्यांसाठी नियम ठरवले होते, आणि मास्तरांचं अक्षर चांगलं म्हणून लिहायला त्यांना बसवलं होतं. रेवणनं पुठ्ठा मांडीवर घेतला, टाक शाईत बुडवला.

"सांगा."

"खोली झाडावी. चुलीतली राख काढावी. चूल सारवावी. चटया धुवाव्यात. घागर भरून ठेवावी. भांडी राखेनं दोनदा घासावीत. भिंती—"

"थांबा, थांबा... हे पाहुणे आहेत का गडी?"

"घाण करताना विचार करायचा व्हता."

"केर काढावा, राख काढावी, आपली घाण आपण उचलावी. एवढं बास. सारवणं, चटया, घागर... हे घरधन्याचं काम."

"घरधनी म्हंजी मी!"

"म्हणून तर सांगतोय. माणूस इथं दोन दिवस धबधबा बघायला येतो, तुमच्या चटया धुवायला नाही."

"मास्तर, तुमी एक दिवस झाडलंत. मी चार वर्षं झाडतेय. ल्ह्या गुमान!"

त्यानं लिहिलं. अकरा नियम, लाल शाईत, वळणदार अक्षरात. खाली मात्र स्वतःच्या मनानं एक ओळ घातली— 'हुकमावरून.' शिवलीलेला ती ओळ दुसऱ्या दिवशी दिसली. दिवसभर ती त्याच्याशी बोलली नाही. संध्याकाळी मात्र त्याच्या चहात आलं दुप्पट पडलं होतं. रागानं की कशानं, ते त्याला कळलं नाही.

पाटी लागल्यापासून खोली स्वच्छ मिळू लागली. शिवलीला रेवणला बोटानं दाखवायची... बघा, कोपरा बघा. चूल बघा. रेवण मान हलवायचा, पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी न बोललेलं राहायचं. ते तिला सलायचं.

"बोला की जे काय असंल ते!"

"सांगून उपयोग नाही. एखाद्या दिवशी तुम्हीच बघाल."

या माणसाशी बोलावं तर डोकं उठतं, न बोलावं तर दिवस सरत नाही. शिवलीला अगदी वैतागून गेली होती.

भाद्रपदात एक कुटुंब आलं. नवरा, दोन दीर, तीन लेकरं आणि कमलबाई नावाची तिशीची बाई. निघायच्या दिवशी पुरुष सकाळीच लेकरांना घेऊन किल्ल्यात गेले. दुपारी शिवलीला खोलीकडं आली, तर कमलबाई चूल सारवत बसलेली. धुतलेल्या चटया वाळत घातलेल्या, घागर भरलेली, भांडी चकचकीत.

"झालंच बघा बाई," कमलबाई कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. "भिंत तेवढी ऱ्हायली. पाटीवरचं समदं केलं, काय चुकलं असंल तर सांगा."

"किल्ल्यात न्हाई गेलात?"

"कधी जाऊ? पैल्या दिवशी सयपाक, काल बारक्याला ताप. आज हे." ती हसली. "मान्सं म्हणली, लई मोठं पानी हाय. आवाज येतोय की हितनं. तेवढंच."

शिवलीला दारातच उभी राहिली. समोर तिची पाटी होती. अकरा ओळी. त्यातली एकही त्या पुरुषांनी वाचली नव्हती. सगळ्याच्या सगळ्या या बाईच्या पदरात पडल्या होत्या.

"उठा," ती म्हणाली.

"भिंत—"

"मरू द्या भिंत. उठा म्हणते ना!"

दोघी जवळजवळ धावतच किल्ल्यात गेल्या. बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालाच्या ओल्या पायऱ्या उतरताना कमलबाईनं तिचा दंड घट्ट धरला होता. खालच्या सज्जात पोहोचल्या, आणि समोर पाण्याचा पांढरा पडदा... कानठळ्या बसवणारा. तुषार तोंडावर उडत होते. कमलबाईनं सारवणानं माखलेले हात पुढं केले आणि तशीच उभी राहिली. कितीतरी वेळ. मग ती काहीतरी म्हणाली. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं एवढं शिवलीलेला दिसलं.

संध्याकाळी रेवण वह्या तपासत बसला होता. शिवलीलेनं पाटी काढून त्याच्यासमोर टाकली.

"तुमाला ठावं व्हतं."

"अंदाज होता. माझी आई मामाकडं गेली तरी चुलीपुढंच असायची."

"मग त्याच दिशी नीट सांगायचं व्हतं! 'घरधन्याचं काम' म्हणत बसलात... बाईचं नाव घेतलं असतं तर म्या ऐकलं नसतं व्हय?"

"ऐकलं असतं?"

तिनं क्षणभर विचार केला. "न्हाई," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "पण सांगायचं व्हतं."

रेवणनं चष्मा काढला. "हो. सांगायला पाहिजे होतं. चुकलंच माझं."

तिला भांडायचं होतं. त्यानं चूकच कबूल केली. ती त्याच्यासमोर बसली. "नवी पाटी ल्ह्या. तीनच गोष्टी. केर, राख, आपली घाण आपण न्यावी. आन् खाली मोठ्या अक्षरात... जायच्या दिवशी पुरुषांनी खोली झाडावी."

शाईत बुडवलेला टाक पुठ्ठ्यावर नेताना रेवणचा हात थांबला. तो तिच्याकडं बघत होता. तीही बघत होती. शाईचा थेंब पुठ्ठ्यावर पडला तेव्हा दोघं भानावर आले.

नव्या पाटीनं गावात हसं झालं. कुणी मिशीतल्या मिशीत हसून झाडायचं, कुणी तणतणत जायचं. दोन कुटुंबं पाटी वाचून उंबऱ्यावरूनच परतली. माणिकप्पा कासावीस व्हायचे, पण लेकीपुढं त्यांचं काही चालायचं नाही.

आश्विनात मात्र गोष्ट गंभीर झाली. अणदूरचं एक स्थळ आलं. विहीर-बागायत असलेलं घर, मुलगा एकुलता. माणिकप्पांनी या स्थळासाठी सहा महिने खेटे घातले होते. धबधबाही बघू म्हणून मंडळी दोन दिवस पाहुण्यांच्या खोलीत उतरली. मुलगी पसंत पडली. निघताना मुलाच्या मामानं पाटीकडं छडी केली.

"माणिकप्पा, पोरगी चांगली हाय. पर आमच्यात बाप्ये झाडू धरत न्हाईत. ही पाटी काढा, मंग लग्नाच्या याद्या करू."

मुलगा बाजूला उभा होता. शिवलीलेनं त्याच्याकडं पाहिलं. तो हसत म्हणाला, "मामा, सोडा की. लग्नानंतर झाडायला ही हायेच."

माणिकप्पांनी पाटीला हात घातला.

"अप्पा, राहू द्या," शिवलीला म्हणाली. "मला तिथं न्हाई जायचं."

मंडळी गेली. माणिकप्पा ओसरीवर मान खाली घालून बसले. खोलीत विड्याच्या पिचकाऱ्या, सुपारीची टरफलं, लोळागोळा झालेल्या चटया. शिवलीला झाडत होती, आणि झाडता झाडता रडत होती. अप्पांचा चेहरा तिला बघवत नव्हता.

शनिवारची अर्धी शाळा सुटून आलेला रेवण दारात उभा राहिला. "काय झालं?"

तिनं सांगितलं.

"मग... आता?"

"आता काय! बसंन म्हातारी होऊन ह्याच खोल्या झाडत!" ती भडकली. "आन् तुमी नुसतं 'मग' म्हणा, 'आता' म्हणा. दोन म्हयने झाले, माणूस बघतोय, बघतोय... तुमाला तोंड हाय का न्हाई मास्तर?"

रेवणचा चेहरा लालबुंद झाला. "आहे. पण... मी इथं तुमच्या वडिलांच्या विश्वासावर राहतो. त्यांनी घर दिलं. त्यांच्या पाठीमागं तुम्हाला काही म्हणणं..." तो अडखळला. "बागायत नाही माझ्याकडं. आई आहे, नोकरी आहे. आणि तुम्ही... तुम्ही रागावल्या नाहीत तर दिवस चुकल्यासारखा वाटतो मला. हे आवडणं असेल, तर... आहे."

शिवलीलेनं पदरानं नाक पुसलं. "असंल तर म्हंजी काय? हाय का न्हाई?"

"आहे."

"मग मला कशाला सांगताय? अप्पा भाईर बसलेत!"

तो तसाच ओसरीवर गेला. शिवलीला दाराआड श्वास रोखून उभी राहिली. रेवण काय बोलला ते तिला नीट ऐकू आलं नाही. मग सोयरीक जुळते का बघायला अप्पांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "मठ कुठला तुमचा?" रेवणनं सांगितलं. "पोरगी तापट हाय मास्तर." "माहीत आहे." "मग आईला कागद धाडा. त्यास्नी घेऊन या. आपण असं परस्पर न्हाई ठरवत."

दाराआड शिवलीलेनं भिंतीला डोकं टेकलं. पण टपाल चारला निघायचं, आणि साडेतीन वाजून गेले होते.

ती बाहेर आली तर रेवण कागद पुढं घेऊन टाक चावत बसलेला.

"अवं, एवढं काय ल्ह्यायचं? 'पोरगी बघितली, पसंत हाय, या.' झालं!"

"ते लिहिलं. आता तुमचा स्वभाव लिहितोय."

"आना हिकडं!" तिनं कागद ओढून घेतला. शेवटच्या ओळी ओल्याच होत्या. 'आई, ती रागावते. पण ज्याच्यावर रागावते त्याचं बहुतेक चुकलेलंच असतं. तुला ती फार आवडेल. मला तर...' तिथंच टाक थांबला होता.

शिवलीलेनं ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले, तशी तिनं घाईनं कागद परत केला.

"'बहुतेक' खोडा," ती म्हणाली, "आन् पळा. टपालाची थैली बांधतील ते."