सुलटा दिसलेला मेहुणा

कुणाला पटो न पटो, ही थाप नाही. आमच्याच घराण्यात घडलंय. तेही दिवसाढवळ्या, नदी शेकडो फाटे फोडून समुद्राला मिळते त्या दलदलीत.

आमच्या नात्यातले एक मोजणीदार तिथला पहिला नकाशा काढत होते. समोर झेंडा धरून उभा राहायला त्यांचा मेहुणा. निघताना बायकोनं बजावलं होतं, "एकुलता एक भाऊ आहे माझा. जिवापाड सांभाळा."

त्या काळच्या मोजणीच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. पाय वर, डोकं खाली. मोजणीदारांच्या ते अंगवळणी पडलेलं. मेहुणा रोज विचारायचा, "दाजी, आज कसा दिसलो?"

"वटवाघूळ. दुसरं काय?"

त्या दुपारी मेहुणा होडीनं समोरच्या बेटावर गेला. भरती लागायला थोडाच वेळ होता. काम उद्यावर ढकलायला हवं होतं. पण एकच रेघ राहिली होती, आणि घाई नडते ती अशीच.

मोजणीदारांनी दुर्बिणीला डोळा लावला.

लव्हाळी उलटी. झेंडा उलटा.

मेहुणा मात्र... सुलटा.

दुर्बिणीत सुलटा, म्हणजे तिकडे खाली डोकं, वर पाय.

त्यांनी जिवाच्या आकांतानं हाक मारली. बेडूक नाही, पाखरू नाही, पाण्याची चुळुक नाही...

"झालं का, दाजी?"

मेहुणा पाठीमागे उभा होता. पायाला चिखलाचा ठिपका नाही.

होडी अजून पलीकडेच होती.

संध्याकाळी तंबूतून त्यांनी गुपचूप दुर्बीण फिरवली. आचारी उलटा. कुत्रा उलटा. चुलीपाशी बसलेला मेहुणा...

सुलटा. आणि थेट त्यांच्याकडे बघत होता.

महिन्याभरानं घरी पोचले. बायको भावाला बघून हसली, रडली, त्याला जेवायला वाढायला धावली. मोजणीदार उंबऱ्यातच उभे. सांगायचं तरी काय, आणि कुठल्या तोंडानं?

ते पुन्हा त्या बेटाकडे फिरकले नाहीत. नकाशात तेवढी जागा कोरीच राहिली.

घरी आलेला कोण, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. शेवटच्या आजारपणात मात्र एकच धोशा होता, "भरती येतेय. मी त्याला तिथंच सोडून आलो रे."

मेहुण्याचं पुढे लग्न झालं, मुलंबाळं झाली. तो म्हणजे माझे पणजोबा.

नातेवाईक कौतुकानं म्हणतात, मी थेट त्यांच्यावर गेलोय. कुठं मोजणी चाललेली दिसली, की मी दुर्बिणीसमोरून बाजूला होतो.