मोकळा काना

जवळ सरका. आणि मधेच प्रश्न विचारू नका. देवव्रत सरांनी हे मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा शब्दाला शब्द तेच, म्हणूनच सांगतो.

सर इतिहासाचे प्राध्यापक. निवृत्त होऊन चौदा वर्षं झालेली. पेठ रस्त्यावरच्या एका गावाने आपली जुनी लोखंडी तोफ संग्रहालयाला दिली आणि तिच्या चौथऱ्यावर तशीच फायबरची बसवायची ठरवली. मापं सगळी सरांनी घेतली. जुन्या तोफेच्या कान्यात, म्हणजे बत्ती देतात त्या भोकात, कुणीतरी कधीकाळी खिळा ठोकून ठेवला होता.

"सर, नव्या तोफेला खिळा बी करा," गावातली ठमाबाई म्हणाली. "ती भरलेली हाय. भरलेलीच बंद केली होती."

सरांनी गज घालून पाहिला. आत नुसती माती. "आजी, तोफ घडली तेव्हा खिळा नव्हता," ते हसून म्हणाले, "मग नकलेत कशाला?" त्यांनी काना मोकळा ठेवायला लावला. नक्कल अगदी अचूक झाली.

पंधरा ऑगस्टला अनावरण झालं. पोळ्याच्या अमावास्येला तोफेच्या तोंडासमोर गावातल्या फकिराचा बैल मरून पडला. सर्वपित्रीला तिथेच फकिरा. अंगावर ओरखडा नाही.

मग आली वीस ऑक्टोबर, सोमवार. अमावास्या दुपारीच लागली. संध्याकाळी ठमाबाईचा फोन आला.

"सर, तुमीच मोकळी केली, तुमीच बंद करा. माझा नातू जीवन ओझरहून दुसरी पाळी करून येतो. सव्वाबाराला तोफेसमोरूनच जातो. सांगितलं तर हसतो. म्हनतो, प्लास्टिकला काय भ्यायचं, आजे!"

पन्नास वर्षांत सरांनी पुराव्याशिवाय एक ओळ लिहिली नव्हती. आपण म्हातारपणी हे काय करतोय, असं पुटपुटत त्यांनी हातोडी आणि एक जाड खिळा पिशवीत टाकला आणि गाडी काढली.

पोचले तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती. लांब कुठल्या तरी पाड्यावर फटाके वाजत होते. ठमाबाई बॅटरी घेऊन चौथऱ्यापाशी उभी होती.

"आपण पुढे जाऊन त्याला अडवू," सर म्हणाले.

"किती अमावास्या अडवाल?"

सरांनी पिशवी उघडली. त्यांनी खिळा कान्यावर धरला आणि हातोडी मारली. फायबर तडकायला हवं होतं.

ठण्ण...

लोखंडाचा आवाज.

पुन्हा मारली. खिळा अर्धा आत गेला. तिसऱ्या घावाला पुरता बसला. सरांनी श्वास सोडला. ठमाबाईने हात जोडले.

मग खिळा हलला.

हळूहळू वर आला. आतून कुणी बोटाने ढकलावा तसा. खाली पडला. सरांनी उचलायला हात लावला... चटका बसला.

फटाके थांबले होते. तोफेतून आवाज येत होता. खर्र... खर्र... आत कुणीतरी दारू ठासायचा गज सारत होतं. घाईने नाही. सवयीच्या हाताने.

वळणावर दिवा दिसला.

"जीवन!" सर ओरडले. "थांब! मागे फिर!"

दिवा येतच राहिला.

ठमाबाईने बॅटरी टाकली. पदर कमरेला खोचला. तोफेच्या तोंडाला पोट लावून उभी राहिली.

"मला घे," ती म्हणाली. "त्याला नको. मला घे रे..."

गज थांबला.

जळक्या वातीचा वास आला.

मग... काहीच नाही. आवाज नाही. धूर नाही. पानसुद्धा हललं नाही.

ठमाबाई उभीच होती. धडधाकट.

तिच्या मागे, रस्त्यावर, मोटारसायकल आडवी पडली होती. दिवा चालू. जीवन पालथा. हँडलला पिशवी, पिशवीत आजीसाठी दिवाळीचं नवं लुगडं.

त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता.

तेराव्यानंतर ठमाबाई नाशिकला सरांच्या घरी आली. त्या रात्री नेसलेलं लुगडं टेबलावर ठेवलं आणि निघून गेली.

लुगड्याला दोन भोकं होती. एक पोटावर, एक पाठीवर. गोल. कडा जळलेल्या.

सरांनी सवयीने पट्टी लावली. तोफेच्या तोंडाहून भोक सूतभर लहान भरलं.

गोळा तेवढाच लहान ठेवतात.