खंडेनवमीचा फोटो

कंपनीच्या बसमध्ये एकच जागा रिकामी होती, तीही एका अनोळखी तरुणाशेजारी. निशिगंधा बसली आणि त्याने मोबाइल पटकन पालथा घातला. तिला ते खटकलं. चाकणच्या त्या कारखान्यात ती कायद्याचं काम बघायची, त्यामुळे तिला सगळंच खटकायचं.

"मी अवधूत, टूलरूममधला," तो म्हणाला. "मॅडम, तुमचा तो खंडेनवमीचा फोटो... इन्स्टावरून काढून टाका ना."

"का?"

"छान आलाय. सगळ्यांनी बघावा असं नाही वाटत."

आगाऊच होता. तिने खिडकीकडे तोंड फिरवून हसू लपवलं. फोटो मात्र मुद्दाम ठेवला. यंत्रपूजेला नेसलेली मोरपंखी साडी सगळ्यांनी बघावी म्हणूनच तर तो टाकला होता.

मग रोज शेजारी बसणं सुरू झालं. अवधूत कारखान्यात 'सांगा-शिका' नावाचं चॅनेल चालवायचा. कामगारांनी आपल्या युक्त्यांचे व्हिडिओ तिथे टाकायचे, नव्यांनी बघून शिकायचं. ते सांगताना त्याचे डोळे असे चमकायचे, की तिचं उतरायचं ठिकाण यायचं तरी तिला उठवत नसे.

आणि तक्रार आली. ग्राहक कंपनीच्या गुप्त ड्रॉइंगच्या फोटोचा तुकडा बाहेर फिरत होता.

"सांगा-शिकातूनच गेलंय," कारखान्याचे मॅनेजर श्रीपादसाहेब म्हणाले. "ते बंद करा. आणि अवधूतला घरी पाठवू."

तो पालथा मोबाइल तिला आठवला. म्हणजे ती गोड बडबड, ते शेजारी बसणं... सगळं लीगलच्या बाईला गुंगवायला? तिला रडू आलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

तिने सगळे व्हिडिओ तपासले. प्रत्येकात मागचं ड्रॉइंग झाकलेलं होतं. मग तिने तो तुकडा मोठा करून पाहिला. कडेला झेंडूची माळ होती... आणि मोरपंखी पदर.

तिने अवधूतला कँटीनमध्ये गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी बसमध्ये तोच फोटो बघत होतो. मागे ड्रॉइंग दिसलं."

"मग सरळ का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुम्हाला स्वतःचीच तक्रार करावी लागली असती."

"तुमची नोकरी जातेय, अवधूत."

"तुमची गेली तर... बसमध्ये शेजारी कोण बसणार?"

तिला तो भयंकर मूर्ख वाटला आणि तितकाच हवासाही. ती तडक साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. तिला लेखी ताकीद मिळाली, सांगा-शिका वाचलं. पूजेआधी ड्रॉइंग झाकायचा नियम तिनेच लिहिला.

संध्याकाळी बसमध्ये तिने त्याला फोटो पाठवला. ड्रॉइंगचा भाग कापलेला.

"फक्त तुला," ती म्हणाली.

त्याने तो बोटांनी मोठा करून पाहिला. "त्या कापलेल्या भागात नारळ घेऊन मी उभा होतो."

"माहितीये. कापतानाच दिसलास." तिने मोबाइल समोर धरला आणि त्याच्याजवळ सरकली. "म्हणून तर आता नवा काढायचाय."