अकरावा अंगठा

कंदिलाची वात जरा खाली घ्या, आणि मधात कोणी बोलू नका. तुम्ही तिघं उद्या सायकली अन् ताडपत्री घेऊन मेळघाटात मुक्काम करायला निघाले म्हणून सांगतो. नाहीतर मला गोष्टी सांगायची हौस नाही. ही माझ्या साडूवर, शालिकरामवर गुदरलेली आहे. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला सांगितली.

शालिकराम डोंगरातल्या वस्त्यांवर हिवतापाच्या गोळ्या वाटायचा. काम सरकारी, पण कच्चं. दर महिन्याला परतवाड्याहून सायकल घेऊन घाट चढायचा, घरोघर गोळ्या द्यायच्या आणि घरधन्याचा अंगठा वहीत घ्यायचा. मग पुढची वस्ती. छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली आणि भूतखेत, अंगारे-धुपारे सगळं घराबाहेर काढलं. चांगलं केलं. त्याचा बाप जन्मभर अंगठा देत आला, आणि घरात सही करणारा शालिकराम पहिला. खिशाला पेन लावल्याशिवाय तो आंघोळीलाही जात नसे, असं आम्ही म्हणायचो.

तर एकसष्ट साल. डिसेंबरची आठ तारीख, शुक्रवार. आदल्या दिवशी अमावस्या झालेली. सकाळी मैनानं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, चार भाकरी आणि ठेचा बांधून दिला. थंडी लई हाय, घोंगडी न्या, एवढं म्हणाली. एकटाच निघाला. सोमवारी मोठे साहेब बेलढाण्याला वही तपासायला येणार होते. वही बरोबर निघाली तर नोकरी पक्की होणार होती.

वही बरोबर नव्हती.

बेलढाणा म्हणजे डोंगरावर कोरकूंची अकरा घरं. मुरमाच्या रस्त्यावर सायकल सोडायची आणि दोन तास नुसती चढण. भादव्यापासून शालिकराम तीन खेपा वर गेलाच नव्हता. पाऊस होता, पाय दुखत होता, असं तो सांगायचा. खोटं. आळस होता. खाली मोहाचं जुनं झाड आहे, त्याच्या ढोलीत त्यानं गोळ्यांचा डबा ठेवून दिला. पुढच्या खेपेला एकदमच देऊ म्हणे. आणि तिथंच बसून वहीत अंगठे लावले. दहा घरांना हाताची दहा बोटं पुरली. अकराव्या घराला काय करावं? तर गड्यानं चप्पल काढली आणि डाव्या पायाचा अंगठा शाईत बुडवला.

तिन्ही खेपांना असंच. एवढं सांगताना तो हसला होता. मला हसू आलं नाही.

आता त्याच्या मनात असं होतं, की वर जावं, वस्तीच्या सोमजी पटेलाला हातापाया पडून नव्या पानांवर खरे अंगठे घ्यावे आणि जुनी पानं जाळून टाकावी. सोमजी भला माणूस. याला बाबू म्हणायचा, दर खेपेला मधाची वाटी पुढं करायचा.

घाटात मुरूम सुटा झालेला. चाक घसरायचं, उतरून ढकलावं लागायचं. दोनदा पंक्चर झालं. मोहापाशी पोचला तेव्हा दिवस बुडत होता. अंधारात चढण नको, सकाळी जाऊ म्हणाला. सायकल झाडाला साखळीनं बांधली, ताडपत्री ताणली, तीन दगडांवर चहा केला, दोन भाकरी खाल्ल्या. तिथून वर पाहिलं तर वस्तीतल्या शेकोट्या दिसायच्या. त्या रात्री एकही दिसली नाही. झोपले असतील लवकर, असं म्हणून त्यानं घोंगडी ओढली.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. लग्नातलं घड्याळ होतं हातात, त्यात पाहिलं. जाग आली ती पाचोळ्यावरच्या पावलांनी. सागाचं वाळलं पान वाजतं कसं, ते तुम्हाला ठाऊक आहे. एका माणसाची पावलं नव्हती. बरीच होती. डोंगरावरून खाली येत होती. उजेड मात्र कुणाच्या हातात नाही.

त्यानं कंदील मोठा केला.

"कोन होय?"

"आमी होय, बाबू."

सोमजी पटेल. त्याच्यामागं ओळीनं वस्ती उभी. शालिकरामचा जीव भांड्यात पडला. चढण वाचली की.

"एवढ्या रातीचे काहून आले पटेल? मी सकाळी येऊनच राहिलो होतो."

"लई वाट पायली. मंग आमीच आलो."

शालिकराम लगबगीनं उठला. ढोलीतून डबा काढला, झाकण उघडून पुढं केला. कोणी हात पुढं केला नाही. डब्याकडं नुसते पाहत राहिले. बरं, गोळ्या मागून. त्यानं वही मांडीवर घेतली, शाईचा पॅड उघडला आणि सोमजीचा अंगठा धरला.

नाल्यातल्या गोट्यासारखा गार.

शाईत बुडवला. कागदावर दाबला. उचलला.

कागद कोरा.

पुन्हा बुडवला. पुन्हा दाबला. कोरा. दुसरा माणूस घेतला. तिसरा. शाई अंगठ्याला लागत होती, कागदावर उतरत नव्हती.

"दाबून लावा ना, पटेल."

"नाई उमटत, बाबू. आमचे अंगठे तूच देल्ले ना."

...

मोहाचं पान हलेना. शेकोटीतलं लाकूड तडतडायचं थांबलं.

"मंग... म्या आता काय करू?"

"तेच दे."

पळावं असं त्याच्या मनात आलं. पाय हलले नाही. सोमजीनं त्याचा उजवा अंगठा हातात घेतला. आपला अंगठा त्यावर टेकवला. धरून ठेवला. सोडला. बाजूला झाला.

दुसरा आला. त्यानं शेजारचं बोट घेतलं.

दुखत नव्हतं. नुसतं गार. शालिकराम मोजत होता. दुसरं काय करणार...

सात.

आठ.

कोणी रागानं पाहिलं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं होतं, असं तो मला म्हणाला.

दहा.

हात संपले.

अकराव्या घराकडून एक पोरगी आली होती. चार वर्षांची असेल. त्या घरातलं मोठं कोणी दिसलं नाही. ती त्याच्या पायाशी बसली. डाव्या पायावरची घोंगडी बाजूला केली...

सकाळी तो उठला तेव्हा ऊन आलेलं. शेकोटीची राख गार. वही मांडीवर, पान कोरं. पाचोळ्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. स्वप्न पडलं म्हणाला, आणि डोंगर चढला.

अकरा घरं. सगळी उघडी. चुलीत जुनी राख. शेजारच्या वस्तीतला एक गुराखी भेटला. दसऱ्यापासून ताप सुरू झाला म्हणे. चालता येत होतं ते सोयऱ्यांकडं निघून गेले. बाकीचे तिकडं, बेलाच्या झाडामागं. शालिकराम जाऊन पाहून आला. मातीचे अकरा ढिगारे. शेवटचा जेमतेम दोन हात.

गुराखी आणखी एक बोलला. "गोळ्यावाल्या बाबूची वाट पायत रोज एकजन खाली मोहापाशी जाऊन बसे. सांजीले वापस येई."

मोहापाशी. डोक्याच्या हातभर वर ढोली, ढोलीत डबा.

सोमवारी मोठे साहेब आले. खालच्या डाकबंगल्यावरच कोंबडी खाल्ली. एवढं कोण चढतं, म्हणाले. वहीची जुनी पानं चाळली. अकरा घरं, अकरा अंगठे. छान. सही ठोकली. जानेवारीत शालिकराम पक्का झाला. मैनानं गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ला.

चौसष्ट साली त्यानं दोन एकर वावर घेतलं. मी साक्षीदार होतो. सही केली तरी कचेरीत अंगठा लागतोच. कारकुनानं दाबला तर कागदावर नुसता काळा ठिपका. एक रेष नाही. कारकून खेकसला. दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं. दहाही बोटं पाहिली, दहाही गुळगुळीत, काचेसारखी. त्याच रात्री त्यानं मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, सायकलीच्या मुठीनं झिजले असतील लेका. त्यानं पाय धोतरात ओढून घेतले.

यंदाच्या पावसाळ्यात तो गेला. तापानंच. तीन दिवसांत. आंघोळ मी घातली. मैना दारातून म्हणाली, "भाऊजी, मोजे राहू द्या. आठ वर्षांत त्यायनं कोनासमोर काढले नाई."

मोजे घालून माणसाला नेत असतात का? मी काढले.

उजव्या पायाच्या अंगठ्यावर रेषा होत्या. भोवऱ्यासारख्या, तुमच्याआमच्या असतात तशा. मी पाणी ओतलं, कंदील जवळ घेतला आणि डावा पाय हातात धरला...

गार होता. आणि गुळगुळीत.