पिराचा गलेफ

उरुसाच्या सकाळी पिराचा गलेफ नाहीसा झाला.

दस्तगीर मुजावर विहिरीवर आंघोळ करून दर्ग्यात आला, तर उंच फळीवर नुसता रिकामा पाट. हिरवी, जरीकाठाची ती चादर दुपारी गावभर मिरवून थडग्यावर चढायची. शेजारची चांदीची गंधवाटी मात्र जागच्या जागी.

साल त्र्याण्णव. मुंबईच्या दंगलीच्या बातम्या अजून विझल्या नव्हत्या. कुणाच्या तोंडून काय निघेल, नेम नव्हता. भाऊसो पाटलांनी बिराप्पा धनगराला धरलं. तो ढोल उशाला घेऊन दर्ग्याच्या ओट्यावर झोपला होता.

“दुपारपतोर गलेफ आला न्हाई, तर तुझा ढोल हितं पुन्ना वाजायचा न्हाई.”

बिराप्पानं ढोल छातीशी ओढला. उरुसात ढोल वाजवायचा तीन पिढ्यांचा मान होता तो.

हिंदुराव नुकताच पोचला होता. पलटणीतला जुना हवालदार, मूळचा याच गावचा, आता रहिमतपुरात एकटाच राही. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा मिलिंद मुंबईला. छप्पन साली वडलांनी धम्म घेतला आणि हलगी टाकली, याचा त्याला अभिमान होता. पिराला तो हात जोडत नसे. पण वर्षातून एक दिवस चार माणसांत जेवायला मिळे, म्हणून उरूस चुकवत नसे.

येताना तो ओढ्याच्या जुन्या वाटेनं आला होता. नवरा आकाराम गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या मनुबाईकडं पाणी प्याला. अंगण ओलं सारवलेलं, रांगोळी, दारात घंगाळ काठोकाठ भरलेलं.

“पोरं येणार हायत काय, वैनी?”

“पोरं कुठली? येतील कुणीतरी,” म्हातारी म्हणाली होती.

दर्ग्यात शिरताच त्याला उदाचा दाट वास आला.

“दस्तगीर, ऊद कवा घातलास?”

“न्हाई घातला अजून. आंघोळ करून घालणार हुतो.”

“मग निखाऱ्यावर हाय त्यो कुणी टाकला?”

मुजावर निखाऱ्यांकडं वळला. हिंदुराव दाराशी वाकला. चौकटीवर शेणाचे चार बोटांचे ठसे होते, अजून ओले.

“बिराप्पा, हात दाव.”

हात कोरडे होते, तेलकट. ढोलाच्या कातड्याला तेल चोळलं होतं त्यानं.

“पाटील, मिरवणूक नव्या सडकंनंच जाती न्हवं?”

“व्हय, सडक झाल्यापासनं. तीन वर्सं झाली. तुमी आता फौजदार झालासा व्हय, हवालदार?”

“सडकंच्या कडंची अंगणं कशी हायत?”

“फरशीची. शेणानं कोण सारवतंय आता?”

हिंदुराव ओट्यावर टेकला.

“ऐका तर. चोर वाटी सोडून चादर न्हेत न्हाई. न्यायला आलेला माणूस आधी ऊद टाकत न्हाई. ज्यानं नेला त्यो पिराला इचारून घेऊन गेला. हात शेणानं भरल्याले, म्हंजे अंगण सारवून तसाच उठून आला. सडकंला तसं अंगण न्हाई. ओढ्यापल्याड एक हाय.”

“आकारामाचं घर?” पाटील हळूच म्हणाले.

“आकाराम हुता तवा गलेफ त्या दारात थांबायचा. गलेफ डोईवर घेणाऱ्याच्या पायावर मनुवैनी पाणी घालायची. आकाराम गेला, सडक झाली, तुमी वाट बदलली. तिला कुणी सांगितलं बी न्हाई. आज सकाळी घंगाळ भरल्यालं बघितलं मी. मला वाटलं, म्हातारी चळली.”

“म्हंजे मनुबाईनं चोरला?”

“चोरला न्हाई. न्हेऊन ठेवला. गलेफ आणायला तरी गाव दारात येईल म्हणून.”

मग बिराप्पानं ढोल गळ्यात घातला.

दुपारी मिरवणूक ओढा उतरून गेली. दारात मनुबाई उभी होती. मागं भिंतीतल्या देवळीत, नव्या खणावर गलेफ घडी घालून ठेवला होता. दस्तगीरनं तो डोईवर घेतला. पाटलांनी मान खाली घातली.

मनुबाईनं घंगाळातून तांब्या भरला आणि मुजावराच्या पायांवर पाणी ओतलं.

“लय उशीर केलासा,” ती म्हणाली. मग हिंदुरावाकडं वळली. “तुमी एकटंच हायसा न्हवं? जेवूनच जावा.”