पडद्यापलीकडची माळ

गणिताच्या बाईंचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, एक परमेश्वर आणि दुसरी चौकटीची वही. शाळेतून निवृत्त झाल्या तरी घरात सगळं मोजूनमापून चालायचं. नवऱ्याला मेंदूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, तेव्हा बाई एकदाच पोटभर रडल्या आणि त्यांनी वही काढली. गोळी किती वाजता, व्यायाम किती वेळा, बोट किती हललं. बोटांच्या रकान्यात रोज शून्य.

हॉस्पिटलात तेवीस दिवस काढले. शेजारच्या खाटेच्या पडद्यापलीकडून सारखा टक्, टक् असा आवाज यायचा. बाईंनी नर्सला चांगलंच झापलं, "ते मशीन आवरा हो, माझ्या माणसाचा डोळा लागत नाही!" दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद झाला. चला, एवढं तरी जमलं, असं बाईंना वाटलं होतं.

नवरा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, लग्नाच्याही आधीपासून. आता तो खिडकीशी बसून आपल्याच हाताकडे बघत राहायचा, पाहुणा विसरून गेलेल्या छत्रीकडे बघावं तसा. बोलणंही जवळपास थांबलं होतं. हात आला नाही तर हा माणूस नुसता श्वास घेत राहील, हे बाईंना दिसत होतं.

दर सोमवारी फिजिओबाईंकडे जायचं. त्या धिप्पाड आणि तोंडाने फटकळ. "काका, हात आहे की उशी?" असं म्हणत त्या खोक्यातून एकेक वस्तू काढायच्या. स्पंजचे चेंडू झाले, चिमटे झाले, बटणं झाली. एका सोमवारी त्यांनी लाकडी मण्यांची एक माळ काढून त्याच्या बोटांवर टाकली.

अंगठा हलला. एक मणी ओढला गेला. टक्.

"अगं बाई!" फिजिओबाई ओरडल्याच. "ही घेऊनच जा घरी. वॉर्डातल्या कुणाची तरी राहिलेली आहे."

बाईंचा आनंद बसस्टॉपपर्यंत टिकला. बसमध्ये त्यांनी मणी दोनदा मोजले. एकशे आठ, वर एक मोठा, त्याला गोंडा. त्यांच्या पर्समधल्या रोझरीत एकोणसाठ मणी आणि क्रूस. म्हणजे ही दुसऱ्या धर्माची जपमाळ. घरी जायच्या आधी त्या नवऱ्याला घेऊन तशाच चर्चमध्ये गेल्या.

"फादर, हिच्यावर आशीर्वाद द्या, म्हणजे आपली होईल."

फादर हसले. "ती कुणाच्या तरी प्रार्थनेची आहे, बाई. आपली पाटी लावायला ते काय रिकामं घर आहे?"

"मग टाकून देऊ?"

"छे! दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपण काय करतो? नीट बसतो, कपाटं उघडत नाही. हाताला व्यायाम होतोय तर होऊ दे. तिच्यावर जप करू नका, तिची हेळसांड करू नका. कुणाची आहे ते शोधा आणि आभार मानून परत करा."

बाईंना हे पटलं. वहीत नवा रकाना आला.

दिवस पहिला, एकशे आठ मणी. दिवस दुसरा, एकशे आठ. ना एक कमी, ना एक जास्त. मोठा मणी आला की अंगठा थांबायचा. दुसऱ्या दिवशी तो माळ उलटी फिरवून तिथूनच मागे निघायचा. मोठा मणी त्याने एकदाही ओलांडला नाही.

"अहो, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्याने मान हलवली. कुणी नाही.

नवव्या दिवशी दुपारी तो झोपला होता. घोरत होता. हात चालू होता.

सोळाव्या दिवशी पत्ता लागला. फिजिओबाईंनी वॉर्डात विचारून शोधलं होतं. माळ तिथल्या एका म्हातारीची होती; तिची मुलगी बाजारात घड्याळं दुरुस्त करायची. दुकानाच्या तिन्ही भिंती टिकटिकत होत्या. मुलीने डोळ्यावरचं भिंग काढलं, माळ पाहिली, पण हात लावला नाही. बाईंनी तिला सोळा दिवसांचा हिशेब सांगितला.

"आईनेच ती वॉर्डात ठेवायला सांगितली होती, मावशी. म्हणाली, काम राहिलंय. शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठी ती रोज एक माळ ओढायची. चाळीस दिवसांचा नेम होता. तो ऑर्गन वाजवतो, असं तिने ऐकलं होतं."

बाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या.

"तुम्ही घरी गेलात आणि दुसऱ्याच दिवशी ती गेली. तेवीस माळा झाल्या होत्या. शेवटी शेवटी मणी रुमालात धरून ओढायची. पलीकडच्या बाईंना आवाजाचा त्रास होतो म्हणायची."

बाई लहान मुलीसारख्या हमसून रडल्या, आणि घड्याळवालीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"माफ करा हो मला."

"अहो, ती रागावली नव्हती. उद्या घेऊन या माळ. उद्या सतरावा ना?"

सतरावा. तेवीस आणि सतरा. ही बेरीज करायला वही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटचा मणी ओढून झाला. नवऱ्याने माळ टेबलावर ठेवली, स्वतःच्या उजव्या हाताने.

"झालं," तो म्हणाला.

रविवारी तो ऑर्गनवर बसला. दोन ठिकाणी चुकला, आणि त्या चुका ऐकून बाईंना भरून आलं. त्यांनी येशूचे आभार मानले आणि पडद्यापलीकडच्या म्हातारीचेही. माळ सतराव्या दिवशीच संध्याकाळी स्वच्छ रुमालात बांधून, घड्याळवालीच्या हातात देऊन झाली होती.

पुढच्या मंगळवारी बाई मटार सोलून हात पुसत होत्या. त्यांचा अंगठा तर्जनीवर सरकला. थांबला. पुन्हा सरकला. बाईंनी सवयीने मोजलं. एकशे आठला अंगठा थांबला. बुधवारी तो उलट्या दिशेने निघाला.

बाई घाबरल्या नाहीत. उपकार असेच फिटत असतील, म्हणाल्या. त्यांनी वही उघडून लिहिलं, दिवस दुसरा. हे कुणासाठी, तो नावाचा रकाना मात्र भरता येईना.

मग त्यांनी एकेकाला फोन लावून तब्येत विचारली. लेक, नणंद, फादर, फिजिओबाई, घड्याळवाली.

सगळे ठणठणीत होते.